मेडुसाच्या बहिणी रंगवताना: ॲक्रिलिक शीटवर उलट बाजूने चित्र काढण्याची पद्धत

मेडुसा म्हणजे ग्रीक कथेतली सापांच्या केसांची बाई: तिच्याकडे बघणाऱ्याचा दगड होतो आणि पर्सियस नावाचा वीर तिचं डोकं कापतो. तिचं चित्र काढायचं म्हटलं की हात दोनच गोष्टींकडे वळतो: तोडलेलं मुंडकं किंवा डोळे वटारलेला, सापांनी वेढलेला चेहरा. लुचानो गारबाती या शिल्पकाराने २००८ मध्ये हे दृश्य उलटं केलं. त्याच्या पुतळ्यात मेडुसा उभी आहे, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पर्सियसचं मुंडकं. ऑक्टोबर २०२० मध्ये हा पुतळा न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत बसवला गेला, तेव्हा कौतुक झालं तशी टीकाही झाली. मेडुसावर अत्याचार करणारा समुद्रदेव पोसायडन होता, मग मुंडकं पर्सियसचं का? आणि सूड घेणाऱ्या बाईचं अंग एखाद्या मॉडेलसारखं गुळगुळीत का?

टीका रास्त आहे. मारणारा आणि मरणारी यांची फक्त अदलाबदल केली तर चित्राचा सांगाडा तोच राहतो, प्रेक्षकाची जागाही तीच राहते. जुन्या चितारींनी जो क्षण वगळला तो शोधून रंगवला की कथा खरी हलते. या लेखात असाच एक क्षण घेऊन चित्र पहिल्या रेषेपासून भिंतीवर टांगेपर्यंत कसं करायचं ते दिलं आहे. आकार ४० × ३० सेंटिमीटर, आडवा. रोज दीड-दोन तास दिले तर सहा दिवसांत होतं, पावसाळ्यात आठ-नऊ दिवस धरा.

माध्यम मुद्दाम निवडलं आहे. पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूने रंगवायचं आणि पुढून बघायचं. मुंबईच्या नलिनी मलानी यांनी हेच तंत्र ग्रीक कथांमधल्या स्त्रियांसाठी वापरलं. त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. त्यांचं २००९ चं ‘कॅसँड्रा’ हे उलट बाजूने रंगवलेल्या ३० भागांचं चित्र आहे, आणि २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे त्यांनी फिरत्या पारदर्शक दंडगोलांवर चित्रं काढून त्यांच्या सावल्या भिंतींवर सोडल्या. मेडुसासाठी या तंत्रात आणखी एक अर्थ आहे. पर्सियस तिच्याकडे थेट बघू शकला नाही, ढालीतल्या प्रतिबिंबात बघून त्याने वार केला. उलट बाजूने रंगवणाऱ्यालाही सगळं आरशातल्यासारखं दिसतं. फरक एवढाच की तयार चित्रासमोर उभं राहणाऱ्याला थेट तिच्या डोळ्यांत बघावं लागतं.

आधी वाचन: कोण सांगतंय ते पाहा

पेन्सिल उचलण्याआधी तीन मजकूर वाचायचे. तिन्ही लहान आहेत, एका संध्याकाळचं काम आहे.

पहिला ग्रीक कवी हेसिअडचा, इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासचा. तीन गॉर्गन बहिणी: स्थेनो, युरिआली आणि मेडुसा. दोघी अमर, एकटी मेडुसा मर्त्य. पोसायडन तिच्यापाशी मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांमध्ये निजला, एवढंच हेसिअड सांगतो. मग तिचा शिरच्छेद होतो आणि मानेतून पंखांचा घोडा पेगॅसस आणि क्रिसाओर ही तिची मुलं बाहेर येतात.

दुसरा रोमन कवी ओव्हिडचा, इसवी सन ८ च्या सुमाराचा. मिनर्व्हाच्या (म्हणजे ग्रीकांच्या अथीना देवीच्या) देवळात झालेला बलात्कार आणि शिक्षा म्हणून केसांचे झालेले साप, ही आज सगळीकडे सांगितली जाणारी कथा इथली आहे. म्हणजे हेसिअडनंतर सुमारे सातशे वर्षांनी. त्यात एक बारकावा आहे जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: ही हकीकत सांगणारा खुद्द पर्सियस आहे. तो मेजवानीत बसलाय, कोणीतरी विचारतं की तिघींपैकी हिच्याच केसांत साप का होते, आणि ज्याने तिला मारलं तोच तिची कहाणी सांगतो. चित्राच्या शेजारी चिठ्ठी लावताना ‘ग्रीक कथेनुसार’ असं लिहून ओव्हिडचा प्रसंग दिला तर जाणकार लगेच पकडतात.

तिसरा ग्रीक कवी पिंडारचा, इसवी सनापूर्वी ४९० चा. डेल्फीच्या स्पर्धेत वाद्य वाजवून जिंकलेल्या मिडास नावाच्या वादकासाठी रचलेलं हे स्तुतिगीत आहे. मेडुसाला पिंडार ‘सुंदर गालांची’ म्हणतो. आणि पुढे सांगतो की बहीण गेल्यावर युरिआलीने जो आक्रोश केला तो अथीनाने ऐकला आणि त्याची नक्कल करण्यासाठी ऑलॉसची धून रचली. ऑलॉस म्हणजे दोन नळ्यांचं वाद्य, सनईसारखी पाती लावून फुंकायचं.

आपला क्षण इथे सापडतो. जुन्या घड्यांवर या दोघी बहिणी पर्सियसच्या मागे धावताना पुष्कळदा दिसतात. बहिणीपाशी बसून रडताना क्वचितच.

मग जुन्या चित्रांचा अभ्यास

चार वस्तूंचे फोटो समोर ठेवा. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ते मिळतात.

पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातला, ग्रीसमधल्या बिओशियाचा मोठा रांजण, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला: इथे मेडुसा लांब झगा घातलेली बाई आहे आणि तिच्या पाठीमागे घोड्याचं धड जोडलंय. एल्युसिसचा घडा, त्याच शतकातला, सुमारे १.४२ मीटर उंच: बहिणींची डोकी कढईसारखी, आणि बिनडोक्याची मेडुसा फुलांत पडलेली. कॉर्फूच्या आर्टेमिस मंदिराची दर्शनी त्रिकोणी शिल्पपट्टी, सुमारे इसवी सनापूर्वी ५८०: साप कमरेला पट्ट्यासारखे गुंडाळलेले, दोन्ही बाजूंना तिची मुलं. आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला पॉलिग्नोटॉस या चिताऱ्याचा घडा, इसवी सनापूर्वी ४५०–४४०: झोपलेली, साधी, देखणी तरुणी आणि मान वळवून तिच्या गळ्याला पातं लावणारा पर्सियस.

हे बघितलं की हात मोकळा होतो. सापांचे केस हे मेडुसाचं एकमेव रूप कधीच नव्हतं. ते घ्यायचे तर घ्या, पण तुम्ही निवडले म्हणून.

अजून एक गोष्ट वहीत टिपा. ग्रीक घड्यांवर जवळपास सगळे चेहरे बाजूने दिसतात, गॉर्गन मात्र समोरून. रुंद तोंड, सुळे, बाहेर आलेली जीभ, थेट बघणारे डोळे. शतकानुशतकं याला भीतीचा मुखवटा म्हणून पाहिलं गेलं. पिंडारचं गीत वाचून परत बघा: ते उघडं तोंड आक्रोशाचंही असू शकतं. हा आपला अर्थ आहे, कुठल्या प्राचीन चिताऱ्याने लिहून ठेवलेला नाही, पण आपलं सगळं चित्र त्यावर उभं राहणार आहे. तोंड तेच ठेवायचं, कारण बदलायचं.

मराठी चित्रकाराला इथे एक मोह होतो. बाहेर आलेली जीभ आणि मोकळे केस दिसले की कुंचला कालीकडे जातो. तसं करू नका. कालीची जीभ तिच्या स्वतःच्या कथेतून आलीय, गॉर्गनची वेगळ्या. दोन्ही मिसळल्या की दोघीही पुसट होतात आणि चित्र ‘रागावलेली देवी’ एवढ्यावर येऊन थांबतं.

रेखाटन

ट्रेसिंग पेपरवर ४० × ३० चा चौकोन आखा आणि आत सगळीकडून १.५ सेंटिमीटरची किनार सोडा, कारण फ्रेम तेवढी जागा खाते.

खालच्या तिसऱ्या भागात मेडुसाचा देह आडवा, पूर्ण झाकलेला. वस्त्राची उंची ८ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. बाहेर फक्त एक हात. तुटलेली मान दाखवायची नाही. ती दाखवली की नजर तिथेच अडकते आणि आपण पुन्हा पर्सियसचंच चित्र काढतो. मानेच्या जागी वस्त्र सपाट होत जातं, एवढं पुरतं, बघणाऱ्याला कळतं.

डाव्या बाजूला स्थेनो, बाजूने दिसणारा चेहरा, वाकलेली. मेडुसाचा हात तिच्या दोन्ही हातांत. तिची उंची साधारण १५ सेंटिमीटर.

मध्यापासून जरा उजवीकडे युरिआली. चेहरा समोरून, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत ११ ते १२ सेंटिमीटर. म्हणजे चित्रात तीच सगळ्यात मोठी. डोळ्यांची रेषा वरच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर. उजव्या वरच्या कोपऱ्यात पर्सियसच्या पंख असलेल्या पादत्राणाची टाच, फार तर ३ सेंटिमीटर, चौकटीबाहेर निघून जाणारी. त्याला एवढीच जागा.

सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्याला द्या. आक्रोश आणि धमकी यांत तोंडाचा आकार सारखाच असतो, फरक भुवया आणि पापण्यांत आहे. धमकीत भुवया नाकाकडे खाली उतरतात. आक्रोशात त्यांची आतली टोकं वर जातात, कपाळाच्या मध्यावर आठ्या पडतात, खालच्या पापण्या वर ढकलल्या जातात आणि डोळे थोडे बारीक होतात. भुवयांची आतली टोकं फक्त ४–५ मिलिमीटर वर नेलीत तरी मुखवटा माणूस होतो. तीन-चार चेहरे काढून बघा, मग एक निवडा. रेखाटन बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच: डोळे मोठे आणि गोल राहिले तर चेहरा घाबरलेला दिसतो.

सापांची संख्या ९ ते १३ ठेवा. प्रत्येकाचं मूळ डोक्याच्या कातडीत कुठे आहे ते आधी टिंबांनी ठरवा, नाहीतर ते टोपीसारखे वर ठेवलेले वाटतात. शोकात साप खाली लोंबू द्या, काही युरिआलीच्या खांद्यावर डोकं टेकवलेले. आणि फणा काढू नका. आपला हात सवयीने नाग काढतो, पण ग्रीसमध्ये नाग नाहीत. तिथला ओळखीचा विषारी साप म्हणजे नाकावर लहान शिंग असलेला घोणसाच्या कुळातला साप: त्रिकोणी डोकं, उभी बाहुली, पाठीवर गडद नागमोडी पट्टा. तोच घ्या.

वस्त्र पेप्लॉसचं. लोकरीचं मोठं आयताकृती कापड, वरचा भाग बाहेर दुमडलेला, दोन्ही खांद्यांवर टाचणीने अडकवलेलं आणि कमरेला बांधलेलं. चुण्या सरळ खाली पडतात. पदरासारखं तिरकं काढलं की ते लगेच साडीसारखं दिसतं.

सामान

पारदर्शक ॲक्रिलिक शीट, ३ मिलिमीटर जाड, ४० × ३० सेंटिमीटर. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे मापाने कापून मिळते. कडा घासून घ्यायला सांगा. सोबत १० सेंटिमीटरचा एक तुकडा चाचणीसाठी मागून घ्या, त्यांच्याकडे असे उरलेले तुकडे असतात. चित्र ६० सेंटिमीटरपेक्षा मोठं करायचं असेल तर ३ मिलिमीटरची शीट वाकते, ५ मिलिमीटर घ्या.

ॲक्रिलिक रंग: काळा ४० मिलिलिटर, बाकी २० मिलिलिटरच्या ट्यूब पुरतात. टायटॅनियम व्हाइट, बर्न्ट सिएना, यलो ओकर, इंडियन रेड, अल्ट्रामरीन. ग्लॉस मीडियम (ॲक्रिलिक रंग सैल करायचं चकचकीत द्रव) १०० मिलिलिटर. गोल ब्रश ० किंवा बारीक लायनर, २ आणि ६ नंबर. एक इंची चपटा ब्रश. भांडी घासायच्या मऊ स्पंजचा तुकडा. बांबूच्या काड्या, टूथपिक, इअरबड, मास्किंग टेप, हातात धरायचा आरसा.

रंग मोजकेच घेतलेत, आणि ते काळ्या आकृत्यांच्या ग्रीक घड्यांवरून: भाजलेल्या मातीचा, काळा, पांढरा, जांभळट लाल. मातीच्या रंगासाठी ३ भाग बर्न्ट सिएना, २ भाग यलो ओकर, अर्धा भाग पांढरा. जांभळट लाल हवा तर ४ भाग इंडियन रेडमध्ये १ भाग अल्ट्रामरीन. अल्ट्रामरीन जरा जास्त झाला की रंग मळकट होतो, थेंबाथेंबाने घाला. त्या घड्यांवर पुरुषांची कातडी काळी आणि बायकांची पांढरी रंगवायची रीत होती. आपल्या चित्रात तिन्ही बहिणींना मातीचा रंग द्या आणि पर्सियसच्या टाचेला पांढरा. घडे ओळखणाऱ्याला ही उलटापालट लगेच दिसते.

शीटची तयारी

शीटच्या दोन्ही बाजूंना संरक्षक कागद असतो. ज्या बाजूला रंगवायचं त्याच बाजूचा पूर्ण काढा. पुढचा कागद पारदर्शक असेल तर राहू द्या. अपारदर्शक असेल तर खालचं रेखाटन दिसणार नाही, तेव्हा तो काढून त्याजागी पातळ पारदर्शक प्लास्टिक टेपने चिकटवा.

कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडक्याने धुवा, निथळू द्या. थिनर, स्पिरिट किंवा अमोनियाचा काच पुसायचा स्प्रे वापरू नका. त्याने कापलेल्या कडांपासून केसासारख्या बारीक भेगा सुरू होतात, कारण कापताना तिथे ताण साठलेला असतो. भेगा काही दिवसांनी दिसतात, तेव्हा चित्र झालेलं असतं.

आता रेखाटन. कागदावर युरिआली उजवीकडे आहे. तो ट्रेसिंग पेपर पालथा करून टेबलावर ठेवा, त्यावर शीट, रंगवायची बाजू वर. चार कोपऱ्यांना टेप लावा. आता ती तुम्हाला डावीकडे दिसेल, आणि चित्र पुढून बघताना पुन्हा उजवीकडे येईल. सही किंवा ग्रीक अक्षरं घालायची तर तीही उलटी. शंका आली की आरसा धरा.

शीट ३ मिलिमीटर जाड आहे, त्यामुळे तिरकं बघून रेषा काढली तर ती १–२ मिलिमीटर सरकते. डोळ्याच्या बाहुलीसाठी एवढा फरक पुष्कळ आहे. मान पूर्ण वर आणून, सरळ वरून बघत काढा. हाताखाली कोरा कागद ठेवा. बोटांचा तेलकटपणा लागला की तिथे रंग गोळा होऊन मागे सरतो.

रंगवण्याचा क्रम

कागदावर आपण पार्श्वभूमी आधी आणि डोळ्यातली चमक शेवटी काढतो. इथे सगळं उलटं. जे बघणाऱ्याच्या सगळ्यात जवळ, ते सगळ्यात आधी.

पहिला दिवस: डोळ्यांतली चमक (पांढरा ठिपका, एक मिलिमीटर), अश्रूंच्या कडा, मग बाह्यरेषा, भुवया, आठ्या, पापण्या, बोटांची नखं, टाचणीचं डोकं. रंगात पाणी घालू नका. शीट पाणी शोषत नाही, त्यामुळे पातळ रंग थेंब होऊन आक्रसतो. सैल करायचा तर ग्लॉस मीडियम घाला, रंगाच्या निम्म्याएवढं. आधी चाचणीच्या तुकड्यावर दहा रेषा ओढा. रेषा तुटत असेल तर रंग घट्ट आहे, कडा फुगत असतील तर फार पातळ.

रात्रभर वाळू द्या. बोटाला अर्ध्या तासात कोरडं लागतं, पण गुळगुळीत शीटवर रंग फक्त एका बाजूने वाळतो आणि आत ओला राहतो. घाईत वरून दुसरा रंग फिरवलात की ब्रशबरोबर रेषा उचलून येते. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर, एक फूट लांबून. गरम हवेने शीट वाकते.

दुसरा दिवस: डोळे आणि तोंड. आधी बाहुली, ती वाळल्यावर बुबुळ, मग डोळ्याचा पांढरा भाग. पांढरं आधी भरलं तर बाहुलीला जागाच उरत नाही, आणि नवशिक्यांच्या निम्म्या चुका याच असतात. तोंडातही तसंच: दात आणि सुळे, जिभेवरच्या रेषा, जिभेचा जांभळट लाल, आणि सगळ्यात शेवटी तोंडातला काळोख.

तिसरा दिवस सापांचा, आणि या माध्यमातला सगळ्यात आनंदाचा. काळ्या आकृत्यांच्या घड्यांवर कारागीर काळ्या थरात टोकदार हत्याराने ओरखडे काढून खालची माती उघडी करायचे. आपणही तेच करू, फक्त मागून. सापाच्या अंगावर काळा रंग मीडियम न घालता सारखा पसरवा. एका वेळी तळहाताएवढाच भाग. १० ते २० मिनिटांनी, चमक गेली पण नखाला अजून मऊ लागतो अशा वेळी, बांबूच्या काडीने खवले आणि नागमोडी पट्टा कोरा. ओलं असताना कोरलं तर रेषा बुजते. पूर्ण वाळल्यावर कोरलं तर कडेने तुकडे उडतात. प्रत्येक रेषेनंतर काडी फडक्याला पुसा. दुसऱ्या दिवशी त्यावर मातीचा रंग भरलात की पुढून काळ्या सापावर मातीच्या लखलखीत रेषा दिसतात. सुई किंवा ब्लेड कधीच नको. शीटला चरा पडला तर तो कायम पुढून दिसतो.

चौथा दिवस: वस्त्राच्या चुण्यांच्या गडद रेषा, किनारीची नक्षी, गालांखालच्या सावल्या. सावली म्हणजे मीडियममध्ये चिमूटभर इंडियन रेड, स्पंजने टिपून. ब्रशने केली तर फटकारे पुढून दिसतात.

पाचवा दिवस: मोठे सपाट रंग. कातडीचा मातीचा रंग, बहिणींच्या वस्त्रांचा जांभळट लाल, मेडुसावरच्या कापडाचा पांढरा. दोन पातळ थर द्या, पहिला उभा आणि दुसरा आडवा, मध्ये दोन तास. एकच जाड थर दिला तर वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि आठवड्याने भेगा पडतात. मग शीट ट्यूबलाइटसमोर धरा: टाचणीएवढी भोकं चमकतील तिथे पुन्हा लावा.

सहावा दिवस पार्श्वभूमीचा. एक पर्याय सगळं काळं करण्याचा. दुसरा, आणि आमच्या मते जास्त चांगला, असा की युरिआलीच्या तोंडासमोरचा, पर्सियसच्या टाचेपर्यंतचा पट्टा पारदर्शकच सोडायचा आणि बाकी काळं. तो आवाज जातो तो रस्ता म्हणून कोरा राहतो. अशा पट्ट्यासाठी टेप लावलात तर काढण्याआधी तिची कड टूथपिकने हलकेच उकरा. वाळलेला रंग टेपवरही पसरलेला असतो. तशीच ओढली तर शेजारचा थर फाटत येतो.

चूक सुधारताना

ओला रंग ओलसर इअरबडने निघतो. वाळलेला असेल तर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने एका दिशेने खरवडा. रेषेवर नवी रेषा काढून चूक झाकता येत नाही, कारण पुढून जुनीच दिसते. डोळा बिघडला तर पूर्ण डोळा काढा. पापण्या वाचवायच्या नादात बाहुली तिरळी राहते आणि मग चित्रात दुसरं काहीच दिसत नाही.

थराखाली पांढुरका धुरकटपणा दिसला तर आत ओल अडकली आहे. दोन दिवस हवेशीर जागी उभं ठेवलं की बहुतेक वेळा जातो.

हीच पद्धत दुसऱ्या स्त्रियांसाठी

अरॅक्नी म्हणजे मिनर्व्हाशी विणकामात स्पर्धा केली म्हणून कोळी-किडा झालेली विणकरीण. ती काढायची असेल तर कोळी बाजूला ठेवा, तिचं कापड काढा. ओव्हिडच्या कथेत तिने मागावर देवांनी फसवलेल्या बायका विणल्या: युरोपा, लीडा, डॅनाई, आणि एका ओळीत पंखांच्या घोड्याची आई, म्हणजे मेडुसाही. मिनर्व्हाला त्या विणकामात खोट सापडली नाही, म्हणून तिने ते फाडलं. फाटलेल्या कापडाचे तुकडे हाच विषय पुरेसा आहे. दोन शीट एकामागे एक, मध्ये २ सेंटिमीटर अंतर ठेवून केलं तर फाट खरोखर दिसते.

पेनेलपी ही ओडिसियसची बायको: नवऱ्याची वाट बघत दिवसा विणायची आणि मागणी घालणाऱ्यांना टाळायला रात्री उसवायची. तिच्या चित्रात तांत्रिक चूक हमखास असते. तिला आडव्या मागाशी बसवतात. ग्रीक माग उभा होता: ताण्याचे धागे वरच्या दांडीवरून लोंबायचे, खाली वजनं बांधलेली, आणि विणकाम वरून खाली यायचं. बाई उभ्याने, पुढे-मागे चालत विणायची. इटलीतल्या किऊसी इथल्या घड्यावर, सुमारे इसवी सनापूर्वी ४४०, हा माग स्पष्ट दिसतो. उभी, हालचाल करणारी पेनेलपी काढली की वाट बघणारी बाई आपोआप काम करणारी, डाव रचणारी बाई होते.

कॅसँड्रा ही ट्रॉयची राजकन्या, जिच्या भविष्यवाणीवर कोणी विश्वास ठेवत नाही. तिला घड्यांवर बहुधा एजॅक्स हा ग्रीक योद्धा अथीनाच्या मूर्तीपासून ओढताना दाखवतात, ती उघडी, तो कपड्यांत वा चिलखतात. ग्रीक नाटककार एस्किलसच्या इसवी सनापूर्वी ४५८ च्या नाटकात दुसरा क्षण आहे: आत मरण आहे हे ठाऊक असताना ती भविष्यवेत्तीचा दंड आणि गळ्यातल्या माळा भिरकावते आणि मग घरात जाते. जमिनीवर पडलेला दंड आणि उघडा दरवाजा पुढे, ती पाठमोरी. फिलोमेलासाठी मात्र हे माध्यम सोडा. ओव्हिडच्या कथेत बहिणीच्या नवऱ्याने बलात्कार करून जीभ कापल्यावर तिने पांढऱ्या धाग्यांत जांभळी चिन्हं विणून बहिणीला निरोप पाठवला. तिचं चित्र सुती कापडावर भरतकामानेच करावं.

मांडणी

शेवटचा थर दिल्यावर आठवडाभर थांबा. मागून पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक वार्निशचा एक थर द्या, पारदर्शक पट्टा सोडून. फ्रेम करताना मागचा बोर्ड रंगाला टेकू देऊ नका. ३ मिलिमीटरच्या पट्ट्या मध्ये घाला, नाहीतर उन्हाळ्यात रंग बोर्डाला चिकटतो. पारदर्शक पट्टा ठेवला असेल तर बोर्ड न लावता शीट भिंतीपासून ३ सेंटिमीटर पुढे चार टेकूंवर बसवा आणि दिवा वरून, ४५ अंशांत लावा. भिंतीवर सावली पडेल आणि पट्टा उजेडाचा दिसेल. दिवा समोर लावलात तर शीटवर बघणाऱ्याचंच प्रतिबिंब पडतं.

उंची अशी ठेवा की युरिआलीचे डोळे जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर येतील. शेजारची चिठ्ठी ४० ते ६० शब्दांची पुरे: तिघी बहिणींची नावं, आक्रोशाचा प्रसंग पिंडारचा आहे हा उल्लेख, आणि तोंडाचा अर्थ चित्रकाराचा आहे हे. नावांचे अर्थ द्यायचे तर स्थेनो म्हणजे बळकट आणि मेडुसा म्हणजे राखण करणारी. पुढचा संरक्षक कागद मात्र चित्र भिंतीवर चढल्यावर, अगदी शेवटी सोला. तो काढला की शीटवर स्थिर विजेने धूळ ओढली जाते. ती ओलसर सुती फडक्याने टिपा, कोरड्या फडक्याने घासू नका.